कॅसेट डिजिटल करताना दर उन्हाळ्यात परत येणारं हमिंग: कारण कुठे सापडलं

समस्या अशी. टेप डेकचा आवाज यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून (आवाजाचं डिजिटल रूपांतर करणारी छोटी पेटी) लॅपटॉपवर घेताना हेडफोनमध्ये मागे सतत ‘घूंऽऽ’ असा जाड आवाज येतो. कॅसेट थांबवली तरी तो थांबत नाही. केबल बदलली की जातो, दोन आठवड्यांनी परत येतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की जातो, बॅटरी संपत आली आणि चार्जर लावला की परत येतो. पावसाळ्यात पूर्ण गायब, होळी झाली की हजर.

तीन उन्हाळे मी या हमिंगच्या मागे होतो. दोष डेकमध्ये नव्हता, लॅपटॉपमध्ये नव्हता, केबलमध्येही नव्हता. तो घराच्या अर्थिंगमध्ये आणि कूलरमध्ये होता. विदर्भातल्या खेड्यांत माझ्यासारखी घरं भरपूर आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. कोणाला घाई असेल तर मधले भाग सोडा, पण तिसऱ्या पिनबद्दल लिहिलेलं वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. घराचा पुढचा भाग जुना, मातीच्या भिंतींचा. मागे स्लॅबच्या दोन खोल्या नंतर बांधल्या. हे आत्ता किरकोळ वाटेल, पण सगळा गुंता तिथेच होता. बैठकीत बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि टेप डेक. माझं टेबल मागच्या खोलीत. मधे आठ मीटरची केबल, दाराच्या चौकटीवरून नेलेली.

ट्रंकेत १४० च्या वर कॅसेट आहेत. त्यांतल्या विकतच्या निम्म्याअधिक कॅसेटमधलं संगीत आज चांगल्या दर्जाच्या डिजिटल फाइलमध्ये मिळतं, त्यावर मी वेळ घालवला नाही. उरलेल्या साठ-पासष्ट घरच्या आहेत. बाबांच्या भजनी मंडळाची खंजिरी भजनं, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मंडळ गुरुकुंज मोझरीला जायचं तिथलं काही, आई आणि आत्या मिळून म्हणायच्या ती भुलाबाईची गाणी, एका रात्रीची दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. हे दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. त्यातले बरेच आवाज आता हयात नाहीत. म्हणून एकदाच घ्यायचं आणि नीट घ्यायचं, असं ठरवून या कामाला लागलो.

सेटिंगबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो

मी २४ बिट ठेवतो. आवाजाची उंची किती बारीक पायऱ्यांत नोंदवायची, तो हा आकडा. १६ बिटची आवाजाची व्याप्ती ९६ डेसिबल आणि घरगुती कॅसेटची जेमतेम ५० ते ६०, मग २४ कशाला, असं कोणीही विचारेल. उत्तर एवढंच, की २४ बिटमध्ये लेव्हल निर्धास्तपणे कमी ठेवता येते. भजनात खंजिरीची थाप अचानक चढते. लेव्हल शून्याला, म्हणजे वरच्या टोकाला, टेकली की तो तुकडा कायमचा फाटतो, त्यावर मग उपाय नाही. मी सर्वांत मोठी थाप उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघतो.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी घ्यायच्या तो आकडा, कॅसेटला ४८ किलोहर्ट्झ पुरतो. घरगुती कॅसेटवर १५ किलोहर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नसतं. ग्रामोफोन रेकॉर्डसाठी मात्र मी ९६ घेतो, कारण चिरेचे टकटक आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढताना जास्त बारीक माहिती हाताशी असली तर काम स्वच्छ होतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे तासाला सुमारे २ जीबी. फ्लॅक या फाइल प्रकारात दाबून ठेवलं की त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं आणि दर्जात काही फरक पडत नाही, कारण फ्लॅक आवाजातलं काहीही टाकून देत नाही. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन इंटरफेसचा फॉरमॅट तोच आहे ना आणि ‘एन्हान्समेंट’ बंद आहेत ना, हे बघून घ्या. नाही तर ऑडॅसिटीत (मी वापरतो ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ९६ लिहिलेलं दिसतं आणि आत वेगळंच चाललेलं असतं.

हमिंगचा संबंध इथे येतो. नुसतं ऐकायला बसलो तर कॅसेटच्या खरखरीत ते लपून जातं. डिजिटल करून मंद गाणं वर उचललं, चांगला हेडफोन लावला, की ते उघडं पडतं. बऱ्याच जणांना वाटतं की डिजिटल केल्यामुळे आवाज बिघडला. तो आधीपासून होता, आता ऐकू आला.

आधी हमिंगची जात ओळखा

कॅसेट थांबवा, डेक चालूच राहू द्या आणि एक मिनिट रेकॉर्ड करा. मग ऑडॅसिटीत ते सिलेक्ट करून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ ६५५३६ ठेवा. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आलेखात ५० वर उंच सुळका आणि १००, १५० वर लहान सुळके असतील, तर दोन उपकरणांच्या अर्थमध्ये फरक असण्याची शक्यता सर्वांत मोठी. १०० चा सुळका सर्वांत उंच असेल, तर उपकरणाच्या आतल्या पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर थकलेला असू शकतो. तो दुरुस्तीवाल्याकडूनच बदलून घ्यावा. ५० च्या पटीत वरपर्यंत दाट सुळके आणि आवाज जाड नसून करकरीत, असं असेल तर पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा किंवा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर बघा. आमच्याकडे लाइट गेली की इन्व्हर्टरवर असाच करकर आवाज यायचा. त्यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरवर असताना रेकॉर्डिंग न करणं, किंवा साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेणं. मोबाइल शेजारी ठेवला की येणारा ‘दिग्-दिग्-दिग्’ वेगळा, फोन दूर ठेवला की तो जातो.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर आधी त्याची बारीक वेगळी अर्थची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट लागली आहे का ते पाहा. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना प्रीअँप (अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा भाग) ते परत उचलतो. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ जवळपास १७ डेसिबलने वर येतो. त्यामुळे डेकवर न जाणवणारं हमिंग रेकॉर्डवर कान भरून येतं.

माझ्या आलेखात ५० चा सुळका ताडासारखा उभा होता. १०० आणि १५० वर लहान सुळके, बाकी काही नाही.

तीन उन्हाळ्यांत मी काय काय चुकलो

पहिल्या वर्षी मार्चमध्ये ते आलं तेव्हा मी सरळ केबलवर संशय घेतला. यवतमाळहून जाड, चांगली केबल आणली. हमिंग निम्म्याहून कमी झालं. पुढच्याच दिवशी अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या, आणि ते पूर्ण गेलं. श्रेय मी केबलला दिलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते जसंच्या तसं परत आलं.

मग ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. हा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आवाज जाऊ देतो पण दोन्ही बाजूंचा धातूचा संपर्क तोडतो. हमिंग गेलं. पण स्वस्त आयसोलेटर खालचे सूर खातो, आणि डग्ग्याची घुमार बोथट झालेली मला स्पष्ट ऐकू आली. मंडळात डग्गा काका वाजवायचे. तो आवाज कापून साठवायचा असेल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय, म्हणून काढून टाकला.

लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा खरा उपाय वाटला, आणि परीक्षा म्हणून तो अगदी बरोबर आहे. चार्जर काढल्याबरोबर हमिंग थांबलं, तर दोष अर्थच्या वाटेतच आहे असं धरून चाला. पण माझ्या लॅपटॉपची बॅटरी ४० मिनिटं टिकते. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजूच ४५ मिनिटांची.

त्यानंतर पावसाळा लागला आणि हमिंग आपोआप गेलं. जुलैपासून माघापर्यंत मी शांतपणे तीसेक कॅसेट घेतल्या. प्रश्न सुटला असं समजून बसलो. इथेच माझी सर्वांत मोठी चूक झाली. जो दोष स्वतःहून जातो तो स्वतःहून परतही येतो, आणि तो का गेला हे शोधायची वेळ तो गेलेला असतानाच असते. मी ती घालवली.

वही

तिसऱ्या वर्षी एक वही केली. दर वेळी कॅसेट लावण्याआधी एक मिनिट रिकामं रेकॉर्डिंग, ५० हर्ट्झच्या सुळक्याची उंची, तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात काय काय चालू आहे. पंधरा दिवसांत चित्र दिसायला लागलं. पहाटे पाच वाजता हमिंग नावाला. दुपारी एक ते पाच भरपूर. रात्री जेवणं झाल्यावर परत भरपूर. आधी व्होल्टेजवर संशय घेतला, कारण आमच्याकडे संध्याकाळी तो उतरतो. पण गावठाण फिडरवर, म्हणजे वस्तीच्या लाइनवर, व्होल्टेज अगदी छान होता अशा दोन दुपारीही हमिंग तेवढंच होतं.

मग एक-एक बटण बंद करत गेलो. फ्रीज, पंखे, टीव्ही, काही नाही. बैठकीतला कूलर बंद केला आणि आलेखातला सुळका डोळ्यांदेखत खाली बसला.

आतून आई ओरडली, “काऊन बंद केला रे कूलर? गरमीनं जीव चालला माहा!”

चालू केला, सुळका वर. परत बंद केला, खाली. दहा वेळा केलं. कूलरचा स्वतःचा आवाज इतका असतो की स्पीकरवर कोणालाच हे कळलं नसतं. हेडफोन आणि आलेख यांमुळेच कळलं.

पण कूलर पहिल्या दोन्ही उन्हाळ्यांतही होताच, आणि पाऊस आला तेव्हा आम्ही तो लगेच बंद केला नव्हता. म्हणजे एकटा कूलर नव्हे. गावातल्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी डेककडे पाहिलंसुद्धा नाही. मल्टिमीटर काढला, मला माझी केबल काढायला सांगितली आणि बैठकीच्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजला. तिथे दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसायला नको. कूलर चालू असताना ३० च्या वर दिसला. मागच्या खोलीत मोजला, एक. मग केबल परत लावायला सांगितली. बैठकीतला ३० सरळ खाली उतरला.

“मशीन चांगली हाये बापू तुयी. पुढची अर्थिंगच वाळून गेली ना. कूलरचा करंट तुया गाण्याच्या वायरीतून मांगं पळून रायला.”

हे वाक्य ऐकून मी बराच वेळ त्या केबलकडे पाहत राहिलो.

नेमकं काय घडत होतं

घरात दोन अर्थिंग होत्या. जुनी पुढे, नवी मागे, आणि त्या एकमेकींना कुठेही जोडलेल्या नव्हत्या. जुन्या कूलरच्या मोटरचं वाइंडिंग ओलं होऊन लोखंडी बॉडीत थोडा करंट गळत होता. अर्थिंग चांगली असती तर तो सरळ जमिनीत गेला असता. जुनी अर्थिंग कोरडी, म्हणून पुढच्या बोर्डाची अख्खी अर्थची तार, आणि तिच्यासोबत अ‍ॅम्प्लिफायरची बॉडी, वर चढायची. मागच्या खोलीतला लॅपटॉप तीन पिनी चार्जरमधून चांगल्या अर्थला जोडलेला. त्या दोघांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे माझी ऑडिओ केबल. तिची बाहेरची जाळी गाण्याची परतीची वाटही असते आणि दोन्ही उपकरणांच्या बॉडीही जोडते. कूलरच्या करंटला ती वाट सापडली.

किती थोड्याशाने फरक पडतो ते पाहा. डेकमधून साधारण ०.३ व्होल्टचा सिग्नल येतो. जाळीच्या दोन टोकांमध्ये नुसता १ मिलिव्होल्ट पडला, तरी हमिंग गाण्याच्या ५० डेसिबल खाली येऊन बसतं. म्हणजे टेपच्या खरखरीच्या बरोबरीने. जाड केबलने फरक पडला तो यामुळेच. जाळीचा रोध कमी, तर मिलिव्होल्टही कमी.

पावसाळ्याचं कोडंही सुटलं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात. जमिनीत पुरलेल्या पाइपापासून माती सुटते, ओल जाते, रोध वाढतो. पाऊस पडला की माती फुगून परत पाइपाला धरते.

पण मग पूर्वी, मी लहान असताना, हाच अ‍ॅम्प्लिफायर मे महिन्यात बिनघोर का वाजायचा? याचं उत्तर काकांनी खोदायला सुरुवात केल्यावर मिळालं. जुना खड्डा न्हाणीच्या बाहेर होता. कोणीतरी शहाण्या माणसाने तो मुद्दाम तिथे घेतला होता, कारण न्हाणीचं पाणी बारा महिने त्यावरून वाहायचं. काही वर्षांपूर्वी गावात बंद गटार झालं, न्हाणीचं पाणी आम्ही पाइपातून गटारात सोडलं, वर फरशी टाकली. अंगण स्वच्छ झालं आणि अर्थिंग तहानेली राहिली. तुमच्याकडेही गटार झाल्यानंतर असा त्रास सुरू झाला असेल तर आधी हे तपासा.

तिसरी पिन

इथे थांबून एक गोष्ट लिहितो. हमिंग घालवायला प्लगची मोठी पिन तोडा किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावा, असा सल्ला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला होता. त्याने हमिंग खरंच जातं, आणि म्हणूनच तो सल्ला घातक आहे. हमिंग गेलं म्हणजे गळणारा करंट गेला असं नाही. त्याची केबलमधली वाट बंद झाली, आता तो तुमच्या हाताची वाट पाहतो. अर्थ तोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आत काही बिघडलं तर त्याची बॉडी २३० व्होल्टवर जाऊ शकते, आणि तुम्ही एका हाताने तो आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप धरलेला असतो.

कूलरचं तर विचारूच नका. ओली फरशी, लोखंडी टाकी, अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यांत लहान मुलंही असतात. महावितरण दरवर्षी सांगतं: पाणी भरण्याआधी कूलर बंद करा, प्लग काढा. आमच्या कूलरला हात लावला की कधीकधी मुंग्या यायच्या आणि घरातले सगळे म्हणायचे, जुना आहे, चालायचंच. तीन वर्षं हेडफोनमधलं हमिंग मला हेच सांगत होतं, आणि मी केबली बदलत होतो. मल्टिमीटर घेऊन बोर्डात हात घालायचं कामही स्वतः करू नका, जाणत्या वायरमनला बोलवा.

काय केलं

जुन्या पाइपाचा बोल्ट गंजून तारेचे दोनच धागे उरले होते. काकांनी तो सोडून दिला आणि पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ, जिथे माती उन्हाळ्यातही ओली असते, नवा खड्डा घेतला. मीठ-कोळसा घालून नवा पाइप पुरला, वर पाणी टाकायला फनेल ठेवलं. मग सर्वांत महत्त्वाचं: पुढची नवी आणि मागची अर्थिंग जाड तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडल्या. एका घरात दोन स्वतंत्र अर्थिंग असू नयेत, सगळ्या एका ठिकाणी बांधलेल्या असाव्यात. ही जोडणी नसती तर पुढेमागे पुन्हा फरक पडलाच असता. तालुक्याहून अर्थ टेस्टर आणून मोजलं, रोध ५ ओहमच्या आत आला.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवला. तो पहिल्याच दुपारी तीनदा पडला. तिन्ही वेळा कूलर चालू केल्यावर. गळती किती होती त्याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. कूलरची मोटर काढून वाइंडिंग करून आणली, तेव्हापासून तो पडलेला नाही.

आता वहीतली नोंद पाहिली तर भर मे महिन्याच्या दुपारी, कूलर चालू असताना, ५० चा सुळका पहाटेच्या बरोबरीला असतो. फनेलमध्ये गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत दर रविवारी एक बादली पाणी टाकतो. ते टाळलं तर काय होतं हे अजून पाहिलेलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

ज्यांना लगेच अर्थिंगचं काम शक्य नाही, त्यांनी डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि लॅपटॉप हे तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणावेत, मधली केबल हातभर ठेवावी. तिघांची अर्थ एकच झाली की केबलमधून पळायला करंटला कारण उरत नाही. गाण्यापुरतं काम होतं. कूलरच्या बॉडीवरचा धोका मात्र तसाच राहतो.

सॉफ्टवेअरने का काढू नये

ऑडॅसिटीत नॉच फिल्टर आहे, ५० वर खाच मारता येते. पण हमिंग एकट्या ५० चं नसतं, १०० आणि १५० वरही मारावी लागते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळ आणि कोमल रिषभ १४७ च्या जवळ. १५० वरची खाच त्या रिषभाचा जीव काढून घेते. भैरवीत ते लगेच कळतं, गाणारा त्या सुरावर आला की आवाज मागे सरकल्यासारखा होतो. नॉइज रिडक्शन जास्त ताणलं तर झांजेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ज्या कॅसेट मी पहिल्या वर्षी अशा ‘साफ’ केल्या होत्या, त्या सगळ्या पुन्हा घेतल्या. मूळ फाइल न बदलता ठेवायची, हा नियम तेव्हापासून पाळतो. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यांतली एक पुसदला बहिणीकडे.

हमिंग टेपमध्येच असेल तर

सगळं दुरुस्त झाल्यावरही काही कॅसेटमध्ये हमिंग राहिलं. ओळखायची खूण सोपी. कॅसेट थांबवली की ते थांबतं, आणि आलेखात ते बरोबर ५० किंवा १०० वर नसतं. ४९ वर असेल, १०३ वर असेल, हलतही असेल. ते रेकॉर्डिंग झालं त्या दिवशीचं हमिंग आहे, टेपच्या वेगाबरोबर वर-खाली होतं.

हे काढून टाकायची घाई करू नका, ते उपयोगाचं आहे. मंडळाची एक रात्रभराची कॅसेट माझ्याकडे आहे, देवळातली. टेप रेकॉर्डर चार सेलवर चालत होता आणि समोर भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर होता, त्याचं १०० हर्ट्झचं हमिंग टेपवर आलेलं. पूर्ण बाजूचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार सूर दाखवणारा आलेख, काढला तर ती रेघ सुरुवातीला १०० वर आणि हळूहळू चढत १०४ पर्यंत गेलेली. सेल उतरत गेले, टेप हळू फिरू लागली, आणि हळू भरलेली टेप आज बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो. ४ टक्के म्हणजे एका पट्टीचा दोन तृतीयांश भाग. बाबा ऐकून म्हणायचे, “शेवटी शेवटी आमी वरच्या पट्टीत गेलो वाटते.” गेले नव्हते.

मी बाजूचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यात ती रेघ मोजली आणि ‘चेंज स्पीड’ने १०० वर आणली. त्या काळी ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वर फारशी स्थिर नसायची, म्हणून एवढ्यावर विसंबलो नाही. कॅसेटवर वाजते तीच पेटी अजून देवळात आहे. तिचे सूर मोबाइलवर रेकॉर्ड करून आणले आणि ताडून पाहिले. जुळले.

बाजू संपायला काही मिनिटं असताना ती रेघ एकदम तुटते. लाइट गेली. भोंगा बंद, मागे पोरांचा एकच गलका, आणि त्या गलक्यातून बाबांचा आवाज माइकशिवाय तसाच पुढे चालू राहतो, एक ओळसुद्धा न सुटता. मग एकेक खंजिरी परत लागते. तिथून पुढे मोजायला हमिंग नाही. ती अकरा मिनिटं मी कानाने, पेटीच्या सुरावर जुळवली.